वन्यजीवांचा अधिवास : अभ्यास, मूल्यमापन आणि आपली जबाबदारी

(औंढे, तालुका मावळ, जिल्हा पुणे येथील कार्यकर्ता व विद्यार्थी अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ उभा राहतो. आपण आज ज्या औंढे गावात बसलो आहोत तेथे वाघ नाही. मग येथे अभ्यास कशाचा करायचा, असा प्रश्न काल रात्री एका विद्यार्थ्याने विचारला. त्याचे उत्तर आज सकाळीच मिळाले. ओढ्यापर्यंत फिरून येताना त्याच विद्यार्थ्याच्या हाताला साळिंदराचा काटा लागला. थोडे पुढे ओल्या मातीत मुंगसाची पावले होती, बांधाला खेकड्यांची बिळे होती आणि डोक्यावर टिटवी ओरडत होती. वाघ नसला म्हणजे रान रिकामे असते असे नाही. या 'रिकामे' शब्दाविषयीच आम्हाला आज मुख्यतः बोलायचे आहे.

आमची एक चूक

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही काही कार्यकर्त्यांनी वृक्षारोपणाचा कार्यक्रम घेतला. डोंगरावरचा एक मोकळा माळ निवडला. खड्डे खणले, गिरिपुष्पाची रोपे लावली, छायाचित्रे काढली, भाषणे केली. परतताना गुरे राखणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "पोरांनो, काम चांगलं केलंत, पण जागा चुकली. ही जागा काय मोकळी नव्हती. टिटव्या अन् चंडोल इथंच अंडी घालतात. तुम्ही त्यांच्या घरात खड्डे मारलेत."

आम्हाला ते बोलणे त्या वेळी पटले नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपे वाळून गेली, कारण खाली वीतभर माती आणि तिच्याखाली कातळ होता. गवत तुडवले गेले ते वेगळेच. तेव्हा कळले की माळ रिकामा आहे हे आम्ही ठरवले होते, पाहिले नव्हते. आमच्या हेतूत खोट नव्हती, अभ्यास मात्र नव्हता. संरक्षणाचे काम अभ्यासाशिवाय केले तर मदत करणाऱ्या हातानेच नुकसान होते, हा धडा आम्ही त्या माळावर शिकलो.

अधिवास म्हणजे काय ?

अधिवास म्हणजे प्राण्याचे घर. पण घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. ज्या घरात चूल पेटत नाही, पाणी येत नाही आणि ज्याचा रस्ता बंद झाला आहे, त्या घरात कोणी राहू शकेल काय ? वन्यजीवांचेही तसेच आहे. कोणत्याही अधिवासात पाच गोष्टी पाहाव्या लागतात : अन्न, पाणी, आसरा, वीण व पिलांची जागा आणि येण्याजाण्याचा मार्ग. पाचांपैकी एक जरी तुटली तरी बाकीच्या चार निरुपयोगी ठरतात.

याचे ठळक उदाहरण गिधाडांचे आहे. आपल्याकडील लांब चोचीचे गिधाड उंच कड्यांच्या कपारीत घरटे करते. १९९० च्या दशकात भारतातून गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कडे जागेवर होते, आकाश तेच होते, मेलेली गुरेही होती. मग काय बिघडले ? गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राहत होता, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते. हे कारण २००४ मध्ये जगासमोर आले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली. तोपर्यंत काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. घर शाबूत होते, पण ताटात विष होते. म्हणून नुसती हिरवळ पाहून अधिवास चांगला आहे असा निवाडा करू नये.

आपल्या मावळातील घरे

मावळ हा सह्याद्रीच्या माथ्याचा प्रदेश आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून येथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे एकाच जागेची दोन रूपे होतात. जुलैत जेथे पाण्याचा लोट असतो तेथे एप्रिलमध्ये पाखराला चोच बुडवायलाही पाणी नसते.

या प्रदेशात घरांचे अनेक प्रकार आहेत. दाट झाडीचे पट्टे आहेत, तेथे भेकर, रानकोंबडा, वानर यांचा वावर असतो. उतारावर कारवीचे रान आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की मधमाश्यांची चंगळ होते. तिच्या काठ्यांचे कूड आपल्या आजी-आजोबांच्या झोपडीला होते, हे येथील अनेकांना आठवत असेल. माथ्यावर कातळाचे सडे आणि गवताळ माळ आहेत. कडे आणि कपारी आहेत. धरणांचे जलाशय आहेत. कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी तर याच तालुक्यात आहेत. अशा जुन्या लेण्यांच्या आणि गुहांच्या अंधाऱ्या भागात वटवाघळे राहतात. आपण तेथे वंदनेला जातो तेव्हा त्यांच्या घरात पाहुणे म्हणून जातो, हे लक्षात ठेवावे. तेथे फटाके, धूर, आरडाओरडा केला तर पिलू अंगाला घेऊन लटकलेली मादी बिथरते आणि पिलू खाली पडते.

भातखाचरे हीदेखील घरेच आहेत. पहिल्या जोरदार पावसात ओढ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढून खाचरांत येतात आणि तेथे अंडी घालतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. ओढ्यात उंच पायरीचा बांध घातला किंवा रस्त्याखाली चुकीच्या पातळीवर नळी टाकली, तर माशाचा हा रस्ता कायमचा बंद होतो. माशाच्या बाबतीत जे नळीने होते तेच जमिनीवरच्या प्राण्याच्या बाबतीत मोठ्या रस्त्याने होते. औंढ्याजवळून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. माणसांसाठी दोन शहरे जवळ आली. परंतु रात्री ओढ्यावर जाणाऱ्या साळिंदराला अलीकडचे आणि पलीकडचे रान दूर झाले.

आणखी एक घर आपल्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे अंधार. मे महिन्याच्या अखेरीस राजमाचीच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात. नर आणि मादी प्रकाशाच्या खुणेने एकमेकांना ओळखतात. जेथे बंगल्यांचे दिवे रात्रभर जळतात तेथे ही खूण दिसत नाही. तेथे झाडही असते, पाऊसही असतो, पण काजवा राहत नाही.

अभ्यास कसा करावा ?

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी महागडी साधने लागत नाहीत. वही, पेन्सिल, मोजपट्टी, आणि असल्यास दुर्बीण एवढे पुरे. लागतो तो नियमितपणा. गावाजवळची पाचशे मीटरची एक पायवाट निवडा. महिन्यातून दोनदा, शक्यतो सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत, त्याच वाटेने, त्याच गतीने चाला. दर वेळी तारीख, वेळ, हवामान आणि सोबत कोण होते हे आधी लिहा. नंतर जे दिसले, ऐकू आले आणि ज्याच्या खुणा मिळाल्या ते तीन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. प्राणी क्वचित दिसतो, पण पाऊल, विष्ठा, केस, पीस, उकरलेली माती, कुरतडलेले फळ या त्याच्या सह्या असतात. जे ओळखता आले नाही त्यापुढे 'अनोळखी' असे लिहावे, अंदाजाने नाव लिहू नये. न ओळखल्याची कबुली हाही अभ्यासाचाच भाग आहे.

त्यानंतर घराची पाहणी करावी. वाटेवर ठराविक अंतराने दहा जागा पक्क्या करा. प्रत्येक जागी झाडे कोणती, त्यांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, किती भरतो, सावली किती, गवताची उंची किती, पोकळीचे जुने झाड आहे काय, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, कोयत्याच्या, आगीच्या, कचऱ्याच्या खुणा आहेत काय, हे लिहा. चारही ऋतूंत लिहा. एका भेटीवरून मत बनवणे म्हणजे लग्नाच्या दिवशी घर पाहून त्या घरात रोज काय शिजते ते सांगण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विचारा. गुराखी, मोळी आणणाऱ्या माताभगिनी, आपले कातकरी आणि ठाकर बांधव यांना या रानाची जी माहिती आहे ती आमच्यासारख्या पुस्तके वाचणाऱ्यांना नाही. त्यांच्याकडून माहिती घ्यावी, आणि त्यांची संमती असेल तर वहीत त्यांचे नाव लिहावे. ज्ञान त्यांचे आणि नाव दुसऱ्याचे, असे फार झाले आहे. आपल्या वहीत तरी तसे होऊ नये.

काही पथ्येही पाळावीत. घरट्याला हात लावू नये. पिलाचे छायाचित्र काढण्यासाठी फांदी वाकवू नये. खवले मांजरासारख्या प्राण्याची जागा मोबाईलवरून चारचौघांत पाठवू नये. शिकारी असले निरोप आपल्यापेक्षा लक्षपूर्वक वाचतात.

मूल्यमापन म्हणजे नुसती मोजणी नव्हे

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. तेथे आपला राज्यप्राणी शेकरू राहतो. शेकरू झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचे घरटे बांधते, म्हणून तेथील गणनेत घरटी मोजतात. परंतु एक शेकरू एकापेक्षा अधिक घरटी बांधते, काही जुनी सोडून देते. दहा घरटी म्हणजे दहा शेकरू, असा हिशेब चालत नाही. वापरातले घरटे कोणते, सोडलेले कोणते, हे पाहावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. ते फांदीवरून फांदीवर जाते. म्हणून झाडांच्या माथ्याची सलग साखळी आहे की तुटली आहे, हे पाहणे म्हणजे खरे मूल्यमापन. हजार झाडे असतील, पण एकमेकांपासून दूर असतील, तर ती शेकरूच्या उपयोगाची नाहीत.

दुसरे उदाहरण देवरायांचे आहे. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या काळकाईच्या राईवर तोडीची पाळी आली होती. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते : गावाचा ओढा या राईमुळे वाहतो. अभ्यासकांनी ते म्हणणे गंभीरपणे घेतले आणि राई वाचली. यातून आपण काय घ्यावे ? श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने पाहावा. परंतु झाडांखालची माती पाणी धरून ठेवते आणि ओढा उन्हाळ्यातही वाहता राहतो, हे गावकऱ्यांचे निरीक्षण होते. कारण आणि परिणाम यांचा संबंध ज्याने पाहिला तो अभ्यासकच होय, मग त्याच्या नावापुढे पदवी असो वा नसो.

एक अवघड प्रश्न

आता एका प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. मागे एका सभेत आम्ही माळरानाविषयी बोलत असताना एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून म्हणाले, "साहेब, आपल्या माणसाला पाय ठेवायला जमीन नाही आणि तुम्ही टिटवीसाठी जमीन मागता ?" सभा शांत झाली. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये देशव्यापी भूमी सत्याग्रह झाला आणि हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. गायरान हा शब्द आपल्याला परका नाही.

आमचे उत्तर असे आहे. नीट अभ्यास केला नाही तर भूमिहीनही मरतो आणि पक्षीही मरतो. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर धरले गेले. त्यात शेते आली, गावे आली, शहरेसुद्धा आली. जमिनीच्या व्यवहाराला आणि बांधकामाला अडचणी आल्या आणि लोकांच्या मनात त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयी राग साठला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. पण मधल्या काळात माळरानांचा मोठा भाग नांगराखाली आणि बांधकामाखाली गेला. आज नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. पक्ष्याला नेमके काय लागते आणि माणसाला नेमके काय लागते, हे दोन्ही वेळेवर मोजले असते तर दोघांनाही न्याय देता आला असता.

आणि आपल्या परिसराकडे पाहा. कागदोपत्री 'पडीक' ठरलेले डोंगरउतार भूमिहीनाला मिळालेले दिसत नाहीत. तेथे कुंपणे पडली आणि बंगले उठले. गुराख्याची वाट गेली, मोळीची वाट गेली आणि भेकराचीही वाट गेली. जे रान लिहिलेले नसते ते रिकामे समजले जाते, आणि जे रिकामे समजले जाते ते ज्याच्याकडे पैसा त्याचे होते. म्हणून हा अभ्यास गरिबाच्या विरोधातला नाही. तो त्याच्या बाजूचा कागद आहे.

वणवा

आपल्या हातून होणारे नुकसानही सांगितले पाहिजे. दर वर्षी फेब्रुवारीपासून मावळातले डोंगर काळे होतात. कोणी पुढच्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून काडी लावतो, कोणी विडी टाकून जातो. त्या आगीत जमिनीवरची अंडी, सरडे, कारवीची कोवळी रोपे, सगळे जाते. माती उघडी पडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव अशा प्राण्यांची नावे घेऊन त्यांना अभय दिले आहे. परंतु तो यादीवर थांबला नाही. विनाकारण किंवा जीवहत्येसाठी रान पेटवू नये, ज्यात जीव आहेत असा भुसाही जाळू नये, असेही त्यात सांगितले आहे. प्राण्याला वाचवायचे तर त्याचे घर वाचवावे लागते, ही जाण तेवीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली. आपण निदान आपल्या गावच्या उतारावर डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढण्यासाठी चार दिवस श्रमदान केले पाहिजे. हे काम वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून व त्यांच्याबरोबर करावे.

आपण काय करावे ?

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोकांच्या साहाय्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आणि हक्कधारकांना वन व वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे, आत जायचे की नाही हे आपण ठरवायचे. आपापल्या ग्रामपंचायतीत जा. नोंदवही पाहायला मागा. आपल्या ओढ्याचे, आपल्या माळाचे नाव तीत आहे काय ते वाचा. नसेल तर आपल्या वहीतील वर्षभराच्या नोंदी समितीपुढे ठेवा आणि त्यांचा समावेश करण्याची विनंती लेखी करा. पोच घ्यायला विसरू नका.

येथून जवळच भाजे लेण्यात पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. दान देणाऱ्याचे नाव आणि त्याने काय दिले, एवढेच त्यात लिहिले आहे. दोन हजार वर्षांनंतरही आपण ते वाचू शकतो, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या ओढ्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि त्यावर कोण कोण तहान भागवते, एवढे तरी आपण लिहून ठेवू या.

आम्ही लावलेल्या त्या माळावर आता आम्ही झाडे लावत नाही. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दुरून टिटव्यांची घरटी मोजतो आणि त्या दिवसांत गुरे थोडी बाजूने न्यावीत अशी गुराख्यांना विनंती करतो. गुराखी ती मानतात, कारण ही गोष्ट त्यांनीच आम्हाला शिकवली आहे. आज दुपारी आपण येथील ओढ्याकाठच्या पाचशे मीटरच्या वाटेवर पहिली नोंद करणार आहोत. सकाळी सापडलेला साळिंदराचा काटा कोठे व कधी मिळाला, ही त्या वहीतील पहिली ओळ असेल. दुसरी ओळ तुम्ही लिहा, आणि वर्षभर लिहीत राहा.



जय भीम ! नमो बुद्धाय !